टर्बाइन जेटला स्मोक सिस्टम बसवताना: आधी नोझल, मग टाकी, शेवटी पंप

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटला मागे धुराची रेष सोडणारी स्मोक सिस्टम बसवली, पण धूर पातळ येतो, शेपटी तेलकट होते, लँडिंगनंतर टेलपाइपमधून (इंजिनाचा गरम झोत मागे नेणाऱ्या पाइपमधून) पांढरी वाफ निघत राहते, अशा तक्रारी सतत येतात. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे मोठा पंप घेणं. त्याने धूर वाढत नाही, फक्त तेल वाढतं. धूर दाट होणार की नाही हे पंपावर नाही, तर तेल गरम झोतात नेमकं कुठे आणि कोणत्या दिशेने पडतं यावर ठरतं. म्हणून काम नोझलपासून, म्हणजे तेल झोतात सोडणाऱ्या नळीच्या टोकापासून सुरू करायचं. बहुतेक जण टाकी आणि पंप सोयीच्या जागी बसवून मोकळे होतात आणि नळी शेवटी जिथून जाईल तिथून नेतात. बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

पुढचे आकडे 100 ते 140 न्यूटन थ्रस्टचं टर्बाइन, एकच टेलपाइप आणि साधारण 14 किलोचं स्पोर्ट जेट डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये स्मोकबद्दल वेगळं काही लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

धूर होतो कसा, तेवढं आधी पक्कं असू द्या. तेल जळून धूर होत नाही. गरम झोतात तेलाची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात, थंडीत तोंडातून वाफ दिसते तसे. त्यामुळे वाफ व्हायला पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ, दोन्ही लागतात. खालचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून निघतो.

## 1. तयारी: तेल आणि सामान

तेल आधी ठरवा, कारण नळी, फिल्टर आणि पंपाची सेटिंग त्याच्या घट्टपणावर अवलंबून आहे. मधेच तेल बदललं की प्रवाह पुन्हा मोजावा लागतो.

माझी पसंती लाइट लिक्विड पॅराफिनला आहे. केमिकलच्या घाऊक दुकानात ते कॅनमध्ये मिळतं. वास येत नाही, धूर पांढराशुभ्र येतो आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) डिझेलपेक्षा खूप वर असल्यामुळे चुकून सांडलं तरी धोका कमी. 'हेवी' लिहिलेलं घेऊ नका, ते छोट्या गिअर पंपाला झेपत नाही. डिझेलनेही धूर चांगला येतो आणि ते कुठेही मिळतं, पण वास मॉडेलला कायमचा चिकटतो आणि गळती झाली तर पेट घ्यायला ते लवकर तयार असतं. पेट्रोल, थिनर किंवा गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल यांचा विचारही करू नका.

सामान असं:

- 3 मिमी बाहेरच्या व्यासाची, 2 मिमी आतल्या व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी, साधारण अर्धा मीटर
- 4 मिमीची फेस्टो प्रकारची पॉलियुरेथेन नळी. इंधनाच्या नळीपेक्षा वेगळ्या रंगाची घ्या
- टाकी, धातूचा क्लंक (टाकीत तेलाबरोबर हलणारं, ओढनळीच्या टोकाचं वजन), टाकीच्या आत वापरायची इंधनाला टिकणारी लवचिक नळी
- गिअर पंप आणि त्याला चालणारा स्पीड कंट्रोलर
- स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि जमलं तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडबंद होणारा)
- वेगळी छोटी बॅटरी
- लॉकवायर (जोड आवळायची बारीक तार), मोजपात्र, स्टॉपवॉच

इशारा: सिलिकॉनची नळी कुठेही नको. डिझेल-पॅराफिनने ती फुगते, मऊ पडते आणि जोडावरून निसटते.

## 2. नोझलची जागा

टेलपाइप काढा. टर्बाइन जागेवर राहू द्या, कारण माप बसवलेल्या इंजिनावरच घ्यायचं आहे.

एक्झॉस्ट कोनची (इंजिनाच्या मागच्या निमुळत्या तोंडाची) मागची कड आणि टेलपाइपचं बेलमाउथ (पुढचं पसरट तोंड) यांच्यामध्ये मॅन्युअलप्रमाणे मोकळी जागा असते. नोझल या फटीतून आत येतं. टोक कोनच्या कडेपासून 10 ते 15 मिमी मागे, झोताच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 5 मिमी आत, आणि तोंड मागच्या बाजूला तिरकं. इथून सुरुवात करा, नंतर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे करून बघता येईल.

चुका बहुधा तीनच प्रकारच्या होतात.

पहिली, टोक फार मागे म्हणजे टेलपाइपच्या आत नेणं. बेलमाउथमधून बाहेरची गार हवा झोतात ओढली जाते, त्यामुळे मागे जाल तसा झोत निवत जातो, आणि वाफ व्हायला उरलेलं अंतरही कमी होतं. निम्मं तेल थेंबांच्या रूपातच बाहेर पडतं.

दुसरी, टोक झोताच्या मध्यभागी खुपसणं. वरवर बघता हे बरोबर वाटतं, कारण मधे उष्णता जास्त. पण धूर बंद असताना टोकात उरलेलं तेल तिथे भाजून त्याचा कोळसा होतो. काही उड्डाणांत 2 मिमीचं भोक अर्धं बुजतं आणि पंप तोच असूनही धूर कमी झालेला दिसतो. अशी नळी आडवी कापून बघितली तर आत काळा, टणक थर बसलेला असतो. नखाने तो निघत नाही.

तिसरी आणि सर्वात जास्त दिसणारी चूक: टोक झोताच्या बाहेर राहणं. मग तेल बेलमाउथच्या ओठावर पडतं आणि टेलपाइपच्या भिंतीवरून ओघळतं. दुहेरी भिंतीचा पाइप असेल तर ते दोन भिंतींच्या मधे जाऊन बसतं. तिथलं तेल पुसायला हातही पोहोचत नाही.

160 न्यूटनच्या वरच्या इंजिनाला एकमेकांसमोर दोन नोझल द्या. टी-जोडापासून दोन्ही फांद्यांची लांबी सारखी ठेवा, नाहीतर तेल सोप्या वाटेनेच जास्त जाईल.

इशारा: नोझल धरायला टर्बाइनच्या केसिंगला किंवा एक्झॉस्ट कोनला भोक पाडू नका. कंपनीचं स्मोक नोझल किंवा ब्रॅकेट मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर इंजिन माउंटच्या पट्ट्याला किंवा बेलमाउथच्या स्क्रूला धरून स्टेनलेसची पट्टी बनवा.

तपासणी: टेलपाइप परत बसवून मागून टॉर्च मारा. टोक दिसलं पाहिजे, ते भिंतीला टेकलेलं नको आणि त्याचं तोंड थेट मागे किंवा किंचित मध्याकडे हवं.

## 3. धातूची नळी

पॉलियुरेथेन नळी साधारण 60 अंशांपर्यंतच भरवशाची. टर्बाइनच्या एक्झॉस्टचं तापमान 500 ते 700 अंश सेल्सिअसच्या घरात असतं. या दोघांमधलं अंतर धातूच्या नळीने तोडायचं.

नळी नोझलपासून पुढे, इंजिनाच्या बाजूने, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) भिंतीलगत न्या. धातूची नळी टर्बाइनच्या तोंडाच्या पुढे, जिथे फक्त गार हवा येते तिथे संपली पाहिजे. केसिंगपासून किमान 10 मिमी अंतर. वाटेत एक छोटं वळण मुद्दाम ठेवा. इंजिन तापलं की प्रसरण पावतं, आणि सरळ ताणून बसवलेली नळी जोडावर किंवा ब्रॅकेटवर तडकते.

गरम भागात कुठेही नेहमीचं कथील सोल्डर वापरू नका. ते 180-190 अंशांवरच वितळायला लागतं. जोड लागलाच तर चांदीच्या मिश्रधातूचं ब्रेझिंग करा. त्याहून बरं म्हणजे गरम भागात जोडच ठेवू नका, नळी अखंड वाकवा. वाकवताना आत बारीक मीठ किंवा वाळू भरून दोन्ही टोकं बंद केली की ती चेपत नाही. नंतर पाणी आणि हवेने नीट धुवून घ्या, कणभर वाळूही उरता कामा नये.

गार टोकाला छोटी कडी डागून बार्ब (नळी निसटू न देणारा उंचवटा) करा (इथे कथील चालतं), त्यावर फेस्टो नळी चढवा आणि लॉकवायरने आवळा.

तपासणी: नळीच्या दुसऱ्या टोकाने फुंकर मारा. हवा सहज गेली पाहिजे. इंजिन हाताने हलवून बघा, नळी कुठे घासते का ते ऐका.

## 4. टाकी आणि सीजी

टाकी सीजीच्या (मॉडेलच्या गुरुत्वमध्याच्या) जितकी जवळ तितकी चांगली. इथे हिशोब करूनच जागा ठरवा. 900 मिली लिक्विड पॅराफिनचं वजन साधारण 765 ग्रॅम. ही टाकी सीजीच्या 20 सेंमी पुढे बसवली, तर 14 किलोच्या मॉडेलचा सीजी भरलेल्या आणि रिकाम्या टाकीमध्ये जवळपास 10 मिमी सरकतो. उड्डाणात धूर संपत जाईल तसं मॉडेल शेपटीकडे जड होणार, आणि ते नेमकं लँडिंगच्या वेळी जाणवणार. हीच टाकी 5 सेंमीवर असेल तर फरक अडीच मिलिमीटरच्या आसपास येतो.

सीजी दोनदा तपासा: मुख्य टाक्या रिकाम्या आणि यूएटी (इंजिनाआधी बुडबुडे अडवणारी छोटी इंधन टाकी) भरलेली अशी तुमची नेहमीची स्थिती ठेवून, एकदा स्मोक टाकी भरून, एकदा रिकामी करून. दोन्ही वेळा आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत बसला पाहिजे. एकाच वेळी बसतो, दुसऱ्या वेळी नाही, तर टाकी हलवा. नाकात शिसं घालून हा प्रश्न सुटत नाही.

भारतात उडवत असाल तर ड्रोन नियम 2021 मधली मॉडेल विमानांची 25 किलोची मर्यादा सगळं भरल्यानंतरच्या वजनाला लागते. मोठ्या स्केल जेटमध्ये स्मोकचं तेल धरूनच वजन करा.

इंधनाच्या टाकीत बुडबुड्यांची जी काळजी घ्यावी लागते ती इथे नाही. हवा आली तर धूर क्षणभर तुटेल, इंजिन बंद पडणार नाही. म्हणून यूएटी किंवा फेल्टचा क्लंक नको. फेल्टमधून पॅराफिन ओढताना पंपाचा अर्धा जोर तिथेच जातो. साधा जड धातूचा क्लंक घ्या आणि फिल्टर तेल भरण्याच्या बाजूला ठेवा.

व्हेंटकडे (टाकीत हवा येण्याच्या नळीकडे) मात्र लक्ष द्या. त्याचं बाहेरचं तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे असेल तर उड्डाणात टाकीत दाब तयार होतो आणि पंप बंद असतानाही तेल पुढे ढकललं जातं. तोंड खाली किंवा मागे वळवा, फ्यूजलाजच्या कातडीला समतल. आतल्या नळीचा एक वेढा टाकीच्या वरून घ्या, म्हणजे मॉडेल वाकडं झालं तरी तेल बाहेर येणार नाही.

इशारा: भरण्याची तोंडं वेगळ्या मापाची ठेवा, उदाहरणार्थ इंधनाला 6 मिमी आणि स्मोकला 4 मिमी. रंगीत स्टिकर पुरत नाहीत. घाईच्या दिवशी माणूस रंग बघत नाही, पण न बसणारी नळी त्याला थांबवते. स्मोकचं तेल इंधनाच्या टाकीत गेलं तर टाकी, यूएटी, फिल्टर, नळ्या सगळं रिकामं करून धुवावं लागेल. भरायचा पंप आणि कॅनही वेगळेच ठेवा.

## 5. पंप आणि व्हॉल्व्ह

क्रम असा: टाकी, पंप, सोलेनॉइड, चेक व्हॉल्व्ह, धातूची नळी. पंप टाकीच्या जवळ आणि शक्य तितका खाली. गिअर पंप ढकलायला तरबेज असतो, ओढायला नाही.

चेक व्हॉल्व्ह मात्र नोझलच्या बाजूला, धातूची नळी सुरू होते तिथे लावा. पंप थांबल्यावर व्हॉल्व्हच्या पुढे जेवढी नळी आहे तेवढं तेल टोकातून गळणारच. ती लांबी जितकी कमी, तितकं गळणं कमी. व्हॉल्व्ह पंपापाशीच लावला तर प्रत्येक वेळी धूर बंद केल्यावर मीटरभर नळीतलं तेल गरम टेलपाइपमध्ये टपकत राहतं. लँडिंगनंतर वाफ येते म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या विमानात हाच दोष निघतो.

तपासणी: टाकी भरा, पंप बंद ठेवा, मॉडेल नाक वर करून 10 मिनिटं ठेवा. नोझलखाली टिश्यू ठेवा. तो कोरडा राहिला तरच पुढे जा.

## 6. वीजजोडणी

पंपाला रिसीव्हरमधून वीज देऊ नका. तो काही अँपिअर खेचतो आणि अडकला तर त्याहून जास्त. रिसीव्हरचं व्होल्टेज कोसळणं टर्बाइन जेटमध्ये परवडत नाही. वेगळी छोटी बॅटरी लावा. पंप 3 अँपिअरने सव्वातीन मिनिटं चालला तरी साधारण 165 मिलीअँपिअर-तास लागतात, त्यामुळे मोठी बॅटरी नकोच.

स्पीड कंट्रोलरमध्ये बीईसी (रिसीव्हरला वीज देणारं सर्किट) असेल तर रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावून ठेवा. फक्त सिग्नल आणि ग्राउंड जाऊ द्या. ब्रशची मोटर असेल तर तिच्यावर कपॅसिटर आहेत ना ते बघा, आणि पंप व त्याच्या वायरी रिसीव्हरच्या अँटेनापासून दूर ठेवा. काही टर्बाइनच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये) स्मोक पंपासाठी वेगळी जोडणी येते. तुमच्यात असेल तर तीच वापरा.

## 7. ट्रान्समीटर

धूर एका स्विचवर, पण त्या स्विचला थ्रॉटलची अट हवी: स्टिक अर्ध्याच्या खाली असेल तर पंप बंद, स्विच कुठेही असो. आयडलवर झोत वाफ करायला अपुरा पडतो आणि ओलं तेल टेलपाइपमध्ये साचतं. मग थ्रॉटल वाढवला की तेच पेटू शकतं.

एवढं बरेच जण करतात. पुढची गोष्ट राहून जाते. टर्बाइन स्टिकच्या मागे धावतं. आयडलवरून स्टिक पुढे केली तरी वेग चढायला काही सेकंद लागतात. अट फक्त स्टिकची असल्यामुळे पंप लगेच सुरू होतो आणि ते काही सेकंद तेल कच्चंच बाहेर पडतं. म्हणून चालू होताना 3 सेकंदांचा विलंब द्या. बंद होताना विलंब शून्य.

फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर आपोआप जातो त्या स्थितीत) पंप बंद. फेलसेफ सेट करून ट्रान्समीटर बंद करा आणि पंप खरंच थांबतो का ते डोळ्यांनी बघा. ही चाचणी टर्बाइन सुरू न करता करायची.

## 8. इंजिनाशिवाय प्रवाह मोजा

धातूची नळी जोडलेली असतानाच नोझल ब्रॅकेटमधून काढून मोजपात्रात सोडा. नळी न लावता मोजलेला आकडा फसवा असतो, कारण बारीक नळीचा अडथळा त्यात येत नाही. पंप 30 सेकंद चालवा, आलेलं तेल दुप्पट करा.

सुरुवात मिनिटाला 200 मिलीने करा. ट्रान्समीटरवर पंपाच्या चॅनलचा एंडपॉइंट (कमाल मर्यादा) कमीजास्त करून तिथे आणा. वाढवायचं ते नंतर, धूर बघून. गिअर पंप कोरडा चालवू नका, आधी नळी तेलाने भरून घ्या.

प्रवाह ठरला की टाइमर लावा, आणि तो स्विचवर नाही तर पंप चालू असतानाच मोजेल असा लावा. 900 मिली आणि मिनिटाला 300 मिली असेल तर तीन मिनिटं मिळतात. गजर अडीच मिनिटांवर ठेवा.

## 9. जमिनीवर इंजिन सुरू करून

मॉडेल बांधा, नाक वाऱ्याकडे. मागे वाळलेलं गवत नको, ओली किंवा मोकळी जमीन हवी. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी ठेवून एक माणूस फक्त त्यासाठी उभा करा. पावडरचं अग्निशामक टर्बाइनच्या आत गेलं तर इंजिन उघडून साफ करावं लागतं.

1. नेहमीप्रमाणे स्टार्ट, आयडल स्थिर होऊ द्या. स्मोक स्विच बंद.
2. दोन-तृतीयांश थ्रॉटलवर जा, ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) वाचा.
3. धूर 5 सेकंद चालू करा आणि ईजीटी पुन्हा वाचा.
4. धूर बंद, त्याच थ्रॉटलवर 10 सेकंद चालवा, म्हणजे पाइपमधलं उरलेलं निघून जाईल.
5. आयडलवर आणून बंद करा आणि ईसीयूचं कूलिंग पूर्ण होऊ द्या.

तपासणी: धूर चालू-बंद केल्याने ईजीटी हलता कामा नये. हलला तर टोक इंजिनाच्या फार जवळ आहे. ते मागे घ्या, मगच पुढची चाचणी.

आता पांढरा कपडा घेऊन टेलपाइपच्या तोंडाचा खालचा ओठ, फ्यूजलाजचं पोट आणि इंजिनाखालची जागा पुसा. टेलपाइपच्या ओठावर हलका ओलावा ठीक. पोटावर तेल असेल तर प्रवाह जास्त आहे. इंजिनाखाली असेल तर नोझल झोताबाहेर आहे, आणि हे न सुधारता उडवायचं नाही. तिथे साचलेलं तेल पुढच्या हॉट स्टार्टला (सुरू होताना इंजिनातून ज्वाळा निघाल्या तर) पेट घेतं.

प्रवाह 50 मिलीच्या टप्प्याने वाढवत जा. एका टप्प्यानंतर धूर तेवढाच राहतो आणि कपडा जास्त ओला होतो. त्याच्या आधीचा आकडा तुमचा. तो बहुधा मिनिटाला 250 ते 350 मिलीच्या दरम्यान येतो. जमिनीवरून धुराचा रंग-दाटपणा फार जोखत बसू नका, वाऱ्यात तो नीट दिसतच नाही.

## 10. पहिलं उड्डाण

पहिल्या उड्डाणात स्मोक टाकी अर्धीच भरा. उंचावर, सरळ पातळीत, तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर धूर 3 सेकंद चालू करा, बंद करा. बंद केल्यावर रेष लगेच तुटली पाहिजे. धुराची शेपूट लांबत राहिली तर चेक व्हॉल्व्ह तपासायचा. मग लूपसारखी जी-भार देणारी एक हालचाल स्विच बंद ठेवून करा आणि सोबत्याला मागे बघायला सांगा. न मागता धूर दिसला तर सायफन होतोय, म्हणजे पंपाशिवायच तेल वाहतंय: आधी व्हेंटचं तोंड, मग व्हॉल्व्हची स्प्रिंग बघा.

लँडिंगच्या सर्किटमध्ये शिरण्याआधी स्विच बंद करायची सवय लावा. थ्रॉटलची अट पंप थांबवेलच, पण गो-अराउंडला (लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना) स्टिक पुढे गेली की तीच अट तो पुन्हा चालू करेल.

धूर जमिनीवरच्या चाचणीपेक्षा पातळ दिसला म्हणून लगेच प्रवाह वाढवू नका. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या हवेत धूर लवकर विरतो, तीच सेटिंग डिसेंबरच्या सकाळी लांब, भरीव रेष देते. निर्णय थंड सकाळी घ्या.

## 11. उड्डाणानंतर

इंजिन थंड झाल्यावर टेलपाइप आणि शेपटीचं पोट पुसा. हॅच उघडून टाकी आणि पंपाखाली बोट फिरवा. उघड्या बाल्सा किंवा प्लायमध्ये तेल मुरलं की तिथला चिकटवलेला जोड पुढे धरत नाही, म्हणून टाकीच्या खोबणीला आधीच पातळ इपॉक्सीचा हात मारून ठेवलेला बरा.

घरी नेण्याआधी टाकी रिकामी करा. गाडीत मॉडेल आडवं-उभं होतं आणि व्हेंटचा वेढा तेव्हा उपयोगी पडत नाही. साधारण दर दहा उड्डाणांनी नोझल काढून 1.5 मिमीच्या ड्रिल बिटाने, हातानेच फिरवत, टोकातला कोळसा काढा आणि 30 सेकंदांचा प्रवाह पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी आला तर नळी बदला.